गाडीखाली शिरण्याआधी

गाडी इतकी बुटकी होती की जॅक पुढून आत शिरेना. जेसिंताने पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि जॅक आत सरकवून ती त्याचा दांडा वरखाली करू लागली. तिची आई, फिलोमिना, दारात उभी राहून पाहत होती.

सहा वर्षांपूर्वी याच अंगणात तिचा नवरा इनास गाडीखाली शिरला होता. “गाडीला टेकू द्यायला शेजारून स्टँड घेऊन येतो,” तो त्याआधी म्हणाला होता. “पाच मिनिटांचं काम, आता कुठे जाता?” असं म्हणून तिनेच त्याला अडवलं, आणि जॅक घसरून तो जागीच गेला. तेव्हापासून भर दुपारीही अंगणातून त्याचं खाकरणं तिला ऐकू यायचं. स्वतःचे ते शब्द तिने कुणालाच सांगितले नव्हते, चर्चच्या फादरनाही नाही.

जेसिंताने दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले, जॅक सैल करून गाडी त्यांवर टेकवली आणि गदागदा हलवून पाहिली. गाडी जागची हलली नाही. मग ती खाली शिरली. त्याच क्षणी ते खाकरणं फिलोमिनाच्या अगदी कानाशी आलं.

“बाय,” ती कशीबशी म्हणाली, “तुझे पप्पा स्टँड आणायला निघाले होते. मीच नको म्हटलं.”

जेसिंताने पाना खाली ठेवला.

“ठाऊक आहे, आई. मी खिडकीतच होते. मीही त्यांना थांबवलं नाही.”

तेलाने माखलेला हात बाहेर आला. फिलोमिना मातीतच बसली आणि तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.