काट्यावरचा उतारा

मूर्तिजापूरच्या बाजारात मनकर्णा शिंगटी मासोळीचे काटे मोडत बसली होती, तेवढ्यात ग्रीसहून लेकीचा, प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. मासोळ्यांवर संशोधन करायला गेलेली लेक पार घाबरून गेली होती. तिथला समुद्र तापत चालला, तशी गरम पाण्यातली एक काटेरी मासोळी नव्यानंच तिकडे आली होती, आणि तिचा काटा एका म्हाताऱ्या कोळ्याच्या तळव्यात घुसला होता. म्हातारा गुरासारखा ओरडत होता. दवाखाना बोटीनं दोन तासांवर.

“माय, शिंगटीचा काटा लागल्यावर तू काय करत होती वं?”

“हात गरम पाण्यात बुडव त्याचा. सोसन तेवढंच गरम. अन् आग जाये तवरिक काढू देऊ नको.”

अर्ध्या तासानं फोन पुन्हा वाजला. म्हातारा आता हसत होता. छातीवर हात ठेवून तो काहीतरी बोलला.

“काय म्हणते वं बुढा?”

“विचारून राहिला, तुही माय डॉक्टर हाय का?”

“मंग? काय सांगतलं तू?”

“सांगतलं, माही माय बाजारात मासोया विकते.”

शाळा-कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर लेकीनं ‘आईचा व्यवसाय’ पुढं ‘गृहिणी’ लिहिलं होतं, आणि मनकर्णानं दरवेळी ते वाचूनच खाली सही केली होती.

“ते मासोई दाखव बरं मले,” ती म्हणाली.

प्रणालीनं फोन फिरवला. मनकर्णानं ओले हात पदराला पुसले आणि त्या परक्या मासोळीला जोडले.