एकशे बेचाळीस दिवसांचा व्यायाम

“‘कामास असमर्थ’ एवढंच लिहिलंय. खाली सही करा, विषय संपला,” असं म्हणत साहेबांनी छापील कागद धाकटीपुढे सरकवला.

“कुठल्या हाताने करू?” धाकटीने विचारलं.

तिचं उजवं मनगट पट्ट्यात होतं. डाव्या हाताने ते मांडीवर सांभाळून ती खुर्चीच्या कडेला बसली होती. मागे तिची थोरली जाऊ उभी होती. दोघी याच धुलाईखान्यात, एकाच रुळावर. खाली इस्त्रीचे रूळ फिरत होते आणि त्यांची घरघर फरशीतून पायांना लागत होती.

साहेबांनी प्रश्न ऐकलाच नाही. त्यांनी व्यायामाची वही उघडली. “एकशे बेचाळीस दिवस. रोज कामाआधी दहा मिनिटं व्यायाम, रोज सही. कंपनीने बाई नेमल्या, भिंतीवर तक्ते लावले. आणखी काय करायचं? एवढ्यावरही मनगट गेलं असेल, तर ते इथे गेलेलं नाही. घरी धुणीभांडी करतात, पिळत असतील काहीबाही.”

व्यायामाच्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. वयाने लहान, पाठीने ताठ. “मलाही हेच कळत नाही,” त्या म्हणाल्या. “खांदे फिरवायचे, मनगट ताणायचं, बोटं उघडायची-मिटायची. दुखायच्या आधीच करायचं असतं हे. दुखल्यावर माझ्याकडे येणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. पण यांनी तर रोज केलंय!”

“नाही केलं,” थोरली म्हणाली.

“जाऊबाई, गप्प बसा. एकीचं काम गेलं तेवढं पुरे.”

“तू गप्प. आजवर गप्प बसले, म्हणून तर तुझा हात गेला.” थोरली टेबलापाशी आली. “बाई, तुम्ही महिन्यातून एकदा येता. त्या दिवशी रूळ बंद असतात. आम्ही हात वर करतो, साहेब फोटो काढतात. एरवी काय चालतं ते सांगू? ओली चादर, दोन बाजूंना दोघी. कोपरे चिमटीत धरायचे, झटका द्यायचा, रुळाच्या तोंडी घालायची. दर अकरा सेकंदांना एक. दिवसाला अडीच हजार. तुमची दहा मिनिटं आली, पण अडीच हजारांतली एक चादर कमी झाली नाही. दहा मिनिटं म्हणजे चोपन्न चादरी! आठवडाभर केला की आम्ही व्यायाम. रोज संध्याकाळी त्या चोपन्न चादरींसाठी थांबलो. घरी पोरं उंबऱ्यावर वाट बघत बसलेली. शेवटी मीच म्हटलं, पोरींनो, तुम्ही रुळाला लागा, वहीचं मी बघते.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे अकराजणींच्या सह्या माझ्या. चहाच्या सुट्टीत बसून करायचे. पोरी म्हणायच्या, ताई म्हणजे देवमाणूस.” तिने धाकटीच्या पट्ट्याकडे बोट केलं. “देवमाणूस! हिच्या मनगटावर रोज मीच सुरी फिरवत होते.”

साहेब ताडकन उठले. “मावशी, जिभेला हाड आहे का? काय कबूल करताय, कळतंय? आत्ता घरी बसवू शकतो मी तुम्हाला.”

“बसवा. आधी एवढं सांगा, पहिल्या महिन्यात वही बघून तुम्ही काय म्हणालात? सह्या पूर्ण ठेवा, बाकी मी बघायला येत नाही. देवाने मनगटं दोनच दिलीत साहेब, तुमच्या गोदामात जादा जोड नाही ठेवलेला. चादर फाटली की तीन दिवस चौकशी, कोणी फाडली म्हणून. आणि बाई फाटली की लगेच, घरी फाटली असेल!”

“याला पुरावा काय? जावेला वाचवायला कोणीही काहीही बोलेल.”

थोरलीने त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं. तो छापील कागद पालथा घातला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. आधी धाकटीची सही, तिरपी, शेवटी शेपटी असलेली. मग दोन नंबरच्या रुळावरच्या मुलीची, गोल गोल. मग चष्मेवालीची, मध्येच तुटणारी. एकीखाली एक.

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्या ताडून बघू लागल्या. चौथ्या सहीला त्यांचे कान लाल झाले. “आणि मी,” त्या साहेबांकडे बघत म्हणाल्या, “दर महिन्याला याच पानाखाली ‘उत्तम’ असा शेरा लिहिते.”



नववी सही अर्ध्यातच राहिली. पेन थोरलीच्या चिमटीतून निसटलं आणि घरंगळत साहेबांसमोर जाऊन थांबलं. तिने ते डाव्या हाताने उचललं, उजव्या हाताच्या बोटांत खोचलं, वरून डावी मूठ आवळली आणि सही पुरी केली. मग दहावी. मग अकरावी.

व्यायामाच्या बाई खुर्ची मागे सारून आल्या. त्यांनी तिचा अंगठा हलकेच धरून आत वळवला. थोरलीने ओठ दाताखाली धरले, तरी आवाज निघालाच. धाकटी उठून उभी राहिली. “जाऊबाई!”

“हे कधीपासून होतंय?” बाईंनी विचारलं.

थोरलीने हात सोडवून घेतला.

“वहीत बघा,” ती म्हणाली. “वहीत मी ठणठणीत आहे.”