सहीची शेपटी

महिनाभर वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांनी घसे कोरडे केले, राष्ट्रीय बँकेच्या सनदेची मुदतवाढ एका मतानं हुकली, बँक बंद झाली, आणि फिलाडेल्फियात तिचा मुख्य रोखपाल एनॉकच्या हाती लेखणीऐवजी कात्री आली. वीस वर्षं नोटांवर त्यानं हातानं सह्या केल्या होत्या; आता परत येणारी प्रत्येक नोट रद्द करायला तिच्यावरची आपलीच सही कापायची होती. मनगट ठणकत होतं. तेवढ्यात कालवं विकणाऱ्या टॅबिथाबाईंनी मळकी नोट पुढे केली. त्यानं चांदीची नाणी दिली आणि कात्री उचलली. “थांबा हो! मला कुठं वाचता येतं? या सहीची लांब शेपटी बघूनच आजवर नोटा घेतल्या. आता भरवसा कुणाचा?” “सोमवारपासून याच इमारतीत एका व्यापाऱ्याची बँक उघडतेय. तिच्या नोटा घ्या.” “त्यांच्यावर सही कुणाची?” “माझीच,” एनॉक मनगट चोळत म्हणाला. टॅबिथाबाईंनी कात्रीकडे बोट दाखवलं. “मग ही कापताय तरी कशाला?”