उतरणीची लांबी

मुख्याध्यापकांच्या गाडीने पुन्हा हॉर्न दिला, तरी मुलगी जागची हलली नाही. गाडी लावायच्या जागेतच तिने आपली चाकाची खुर्ची आणून उभी केली होती. दोन्ही चाकांना ब्रेक लावले होते आणि 'मुख्याध्यापक' लिहिलेल्या पाटीच्या लोखंडी खांबाला उजव्या हाताचा विळखा घातला होता. डावा तळहात सोलला होता. तो तिने मांडीवर उताणा ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा.

सोलला होता तो समोरच्या नव्या रॅम्पवर. दहावीचा वर्ग पायऱ्या चढून वर, व्हरांड्याला लागून. रोज सकाळी शिपाईकाका आणि हाताशी सापडेल तो माणूस तिला खुर्चीसकट उचलून वर ठेवायचे, टेबल ठेवावं तसं. ती दात-ओठ खात मान खाली घालून बसायची. काल रॅम्प पुरा झाला तेव्हा तिने मोठ्या ऐटीत सांगून टाकलं होतं, "काका, उद्यापासून तुमची सुटका." आज अर्ध्यावर पोचली, तर पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची घसरत खाली आली. रॅम्प कसला, घसरगुंडीच ती. लांब करायचा तर तो गाडीच्या जागेतून काढावा लागला असता. म्हणून त्या जागेच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी येऊन तो मुकाट्याने संपला होता.

सर गाडीतून उतरले. "हा काय पोरखेळ लावलायस? रॅम्प हवा म्हणालीस, रॅम्प दिला. आता काय विमान मागवू?"

"फार उभा आहे तो, सर. मला एकटीला चढवत नाही."

"मग जोर वाढव. नाहीतर शिपाई ढकलेल. त्यात कसली लाज?"

मुलीच्या तळपायांना कधीच काही कळत नसे, पण आग मस्तकात गेली ती तिथूनच.

"परवा तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "साधी यंत्रं. उतरण लांब केली की बल कमी लागतं. माझं पाठ आहे, सर. जोर माझा कमी नाहीये, लांबी तुमच्या रॅम्पची कमी आहे."

वर्गांच्या खिडक्या एव्हाना डोक्यांनी भरल्या होत्या. कोणीतरी खुसकन हसलं. सरांचे कान लाल झाले.

"उचल रे हिला," ते शिपायावर खेकसले.

शिपाईकाका पुढे झाले, वाकले.

"काका, हात लावू नका." तिला दटावून बोलायचं होतं, पण आवाज चिरकला. काका तसेच वाकलेले राहिले. मग सरांकडे न बघताच त्यांनी हात मागे घेतले.

"सरक बाजूला. मीच बघतो," म्हणत सर खुर्चीच्या मागे गेले आणि दोन्ही मुठी आवळून ढकलू लागले. मुलीने दुसरा हातही खांबाभोवती टाकला. सोललेल्या तळहातातून कळ गेली, तरी पकड सुटली नाही. चाकं करकरली, पण फिरली नाहीत. सरांनी पाय रोवला, खांदा लावला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, शर्ट पँटमधून बाहेर आला. खांब ढिम्म होता. पाटी कोणी हलवू नये म्हणून तो सिमेंटमध्ये पक्का बसवून घेतला होता त्यांनीच.

शेवटी ते थांबले. धापा टाकत त्यांनी कपाळ पुसलं. खिडक्यांमध्ये आता कोणी हसत नव्हतं.

"विस्थापन शून्य, सर," खांबाला गाल टेकवून मुलगी म्हणाली. "म्हणजे कार्य शून्य. जोर लावायचाच असेल तर आता गाडीची जागा हलवायला लावा."