आई बसली की इको

"कुठला मोड लावू?" गाडी सुरू करता करता लेकीने विचारलं.

"आई बसलीय ना मागे?" शेजारून तिचे बाबा म्हणाले. "मग इको. विचारायचं काय त्यात!"

दोघं हसली. मागच्या सीटवर आईही हसली, पण जरा उशिरा. गाडी घेतल्यापासून तिची जागा पुढे, गाडी चालवणाऱ्या त्यांच्या शेजारी. बसली की पट्टा लावायचा, मनात देवाचं नाव घ्यायचं आणि गिअरजवळचं हिरव्या पानाचं, गाडी सावकाश ठेवणारं इकोचं बटण स्वतःच्या बोटाने दाबायचं. घरात त्याला 'आईचं बटण'च म्हणत. "टर्बोची गाडी आणि इकोवर! वाघ पाळलाय, पण ही त्याला गवतच घालू देते," असं ते पाहुण्यांना सांगायचे. सांगायचे आणि गवतच घालायचे.

आता काचबिंदूमुळे पुढचा रस्ता म्हणजे त्यांना नुसता उजेड. आईला गाडी चालवता येत नव्हती, लेकीला तिची स्वतःची होती. ही विकली गेली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या मालकाच्या दारात नेऊन उभी करायची होती. "आज पुढे तुम्ही बसा," असं आईच त्यांना म्हणाली होती. हौसेने घेतलेली गाडी, आणि ती हौस आपण एकदाही पुरी होऊ दिली नाही, ही बोच सौदा ठरल्यापासून तिच्या मनातून जात नव्हती.

बाह्यवळणाचा मोकळा रस्ता लागला तशी ती पुढे वाकली.

"आज स्पोर्ट लाव."

"कोण बोललं हे?" त्यांनी मान वळवली. "अगं, बरी आहेस ना?"

"लाव म्हणते ना. एकदा तरी कळू दे यांना, कशी पळते ते."

लेकीने बटण दाबलं. काट्यांभोवतीचा हिरवा उजेड लाल झाला. इंजिनाचा आवाज घसा खाकरल्यासारखा बदलला.

"आता दाब," ते म्हणाले. "दाबलंस की लगेच काही होणार नाही. टर्बो आधी श्वास घेतो. तेवढा धीर धरायचा... धर... आता बघ!"

गाडीने उसळी घेतली. आईची पाठ सीटला जाऊन टेकली.

"पूल गेला का? मग पुढे उजवं वळण. आधी पाय काढ. निम्म्यात आलीस की परत दाब, कशी चिकटून जाते बघ रस्त्याला." त्यांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत दबत होता, सुटत होता.

आई बघत राहिली. "अहो, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

लेकीने आरशातून मागे पाहिलं.

"सांगू का हो बाबा? आता तर गाडीच चाललीय."

"सांग बाई."

"आई, तू तुझ्या ऑफिसपाशी उतरलीस ना, की दुसऱ्या क्षणी स्पोर्ट. ते थेट माझ्या कॉलेजच्या फाटकापर्यंत. आणि वर गाणी!"

"गाणी?"

"भसाड्या आवाजात, काचा वर करून. आणि मला शपथ, आईला सांगायचं नाही."

"भसाड्या काय गं," ते पुटपुटले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आईने खिडकीबाहेर पाहिलं. म्हणजे हौस पुरी झाली होती. रोज होत होती. फक्त तिने गाडीतून उतरायचा अवकाश असे. या माणसाला गाताना तिने एकदाही ऐकलं नव्हतं.

"म्हणा की मग आता," ती म्हणाली.

"आता काय... छे!"

"म्हणा हो. मला ऐकायचंय."

त्यांनी आढेवेढे घेतले. मग नुसतं गुणगुणले. मग खरंच एक ओळ म्हणाले, आणि दुसऱ्या ओळीला आवाज उघडला. भसाडाच होता. लेकीने हसत पाय दाबला, गाडीने श्वास घेतला आणि सुटली. समोरचा ट्रक झरझर मोठा होत गेला, आणि आईच्या तोंडून निघून गेलं,

"अगं हळू! हळू!"

लेकीचा पाय निघाला. बोटही सवयीने हिरव्या पानावर गेलं. गाणं ओळीच्या मध्येच थांबलं.

"नाही, नाही, तसं नव्हे," आई म्हणाली. "चुकून गेलं गं तोंडातून. लाव परत. तुम्ही म्हणा ना."

"आता कुठे, आई? वस्ती लागली. इथून पुढे सिग्नलच सिग्नल. नव्या मालकांचं घर आलंच."

"असू दे गं," ते लेकीला म्हणाले. "घाबरते ती." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. इतकी वर्षं सांभाळून घेतलं, तसंच आताही घेत होते. हात त्यांनी मांडीवर नीट घडी घालून ठेवले होते, परक्याच्या घरी बसावं तसे.

पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली.

"मी नाही घाबरले," आई म्हणाली. अगदी हलक्या आवाजात, आपल्याशीच बोलावं तशी. पण इकोवर गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं. त्या शांततेत ते तिघांनाही स्वच्छ ऐकू आलं.