एक प्रेक्षक कमी

"दम सोडू नकोस गं," स्वतः कबड्डी खेळताना मैदानाच्या कडेवरून आलेली वडिलांची ती हाक हौसाबाईंना अजून ऐकू येई. आता त्यांची लेक रेवती चढाईला जाई आणि त्या टीव्हीसमोर बसत.

टीव्ही हल्ली बघणाऱ्यांचे डोळे मोजी. हजार प्रेक्षक नसले तर सामना थांबे आणि संघच मोडीत निघे. आज नऊशे नव्व्याण्णव भरले. रेवतीचं कबड्डी-कबड्डी अर्ध्या श्वासात तुटलं.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "आई, एकच कमी पडला. भाजी ढवळायला उठलीस ना?"

"नाही गं. समोरच होते."

"मग तुला मोजलं कसं नाही?"

हौसाबाईंनी चाचपडत गार पडद्यावर हात ठेवला.

"दोन वर्षं झाली बाळा, मला दिसत नाही. मी तुझा दम ऐकत बसते."