दोन पट्ट्या वर

"ताई, माझे हात बघा कसे गार पडलेत," धाकटी जाऊ म्हणाली.

"पडू देत. गायचंय गळ्यानं," थोरली म्हणाली.

मध्यंतर संपत आलं होतं. गायनमंडळाची नवी गाणी पियानोबरोबर झाली, टाळ्याही बऱ्या पडल्या. आता जुनी प्रार्थना, तीही एकाही वाद्याशिवाय. तिच्यातल्या एकटीनं गायच्या ओळी वर्षानुवर्षं थोरलीच्या होत्या. यंदा मंडळ बसवणाऱ्या सरांनी त्या धाकटीला दिल्या आणि थोरलीच्या हातात सूर द्यायची शिट्टी ठेवली. "तुमच्या अनुभवाला शोभेल असं काम," असंही वर म्हणाले. मिरच्या झोंबल्या तरी तिला हसून मान डोलवावी लागली. आणि या बयेला मंडळात आणलं कुणी? तिनंच, "घरात बसून काय करतेस, चल" म्हणून. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

पडदा सरकला. पहिल्या रांगेत सासूबाई होत्या, आणि त्यांचं लक्ष धाकट्या सुनेवरून हलायला तयार नव्हतं. थोरलीनं ती चपटी गोल शिट्टी ओठांना लावली, बोटानं जराशी फिरवली आणि ठरल्यापेक्षा दोन पट्ट्या वरचा सूर दिला. शेवटची ओळ आधीच उंच होती. फाटू दे आवाज एकदा चारचौघांत!

सरांच्या भुवया वर गेल्या, पण हात उठला होता. मंडळानं मिळाला तो सूर धरला.

धाकटी गायला लागली. आवाज न अडखळता चढत गेला आणि शेवटच्या ओळीवर असा मोकळा झाला की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मागे साथ करणाऱ्या थोरलीला मात्र तिथवर पोचता येईना. तिनं नुसतंच तोंड उघडं ठेवलं.

टाळ्या थांबेनात. गुडघ्यांची तक्रार विसरून सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

विंगेत येताच धाकटीनं थोरलीला मिठी मारली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, तुम्हाला कसं कळलं हो? ठरलेल्या पट्टीत माझा आवाज दबतो. पण सरांना सांगणार कसं? तुम्ही इतकी वर्षं तिथूनच गायलात. तुम्हाला काय वाटलं असतं?"

थोरलीनं मुठीतली शिट्टी तिच्यापुढे धरली.

"ही शिट्टी तुमच्याकडेच ठेवा," धाकटी म्हणाली. "कायमची."